किडनीचा कॅन्सर आणि जीन्स: तुम्ही वारंवार विचारता ते प्रश्न

एकसारखेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून ते एकदाचे एकत्र केलेत. सोपे आधी, किचकट शेवटी. एक गोष्ट दोनदा सांगत बसलो नाहीये, जिथे संबंध आहे तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय. तुमच्या केसमधला निर्णय तुमचे डॉक्टर आणि जेनेटिक काउन्सेलर यांनीच घ्यायचा, इथली माहिती त्यांच्यासमोर बसून नीट प्रश्न विचारता यावेत एवढ्यासाठी.

१. किडनीचा कॅन्सर अनुवांशिक असतो का? हो की नाही, एका शब्दात सांगा.

एका शब्दात नाही सांगता येत, पण बहुतेक वेळा नसतो. साधारण १०० पेशंटमध्ये ५ ते ८ जणांना एखाद्या जीनमधला जोरदार बिघाड आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. बाकीच्यांमध्ये जीन्स बिघडतातच, कॅन्सर म्हणजे शेवटी जीन्सचाच बिघाड, पण तो जन्मानंतर किडनीच्या एखाद्या पेशीत होतो आणि तिथेच राहतो, पुढच्या पिढीला जात नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की घाबरायचं तिथे माणूस निवांत बसतो आणि निवांत बसायचं तिथे रात्रभर झोपत नाही. शिवाय या दोघांच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे, सगळ्यांमध्येच असणारे छोटे छोटे फरक, त्याचं प्रश्न १२ मध्ये बघू.

२. बाबांच्या ट्यूमरच्या रिपोर्टमध्ये "व्हीएचएल म्युटेशन" लिहिलंय. म्हणजे आम्हा भावंडांना पण आलं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर: या रिपोर्टवरून तसं म्हणता येत नाही. ट्यूमरचा तुकडा तपासला की ट्यूमरमधले बदल दिसतात, आणि क्लिअर सेल नावाच्या सगळ्यात कॉमन प्रकारात व्हीएचएल जीन बिघडलेलं सापडणं हे अगदी नेहमीचं आहे, घरात कोणालाही काही नसलं तरी. तुमच्याकडे येऊ शकतो तो बदल शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो, म्हणून तो रक्तात किंवा लाळेत दिसायला हवा. बाबांच्या रक्ताची टेस्ट केली आणि तिथेही तोच बदल सापडला तर मग तुमचा विषय सुरू होतो. तोपर्यंत नाही. पण ट्यूमरच्या रिपोर्टमध्ये एफएच किंवा एसडीएचबी जीनमध्ये (ही जीन्स प्रश्न ७ मध्ये) बिघाड असं काही आलं तर मात्र रक्ताची टेस्ट टाळू नका, कारण हे बदल ट्यूमरमध्ये सापडले की बऱ्याचदा ते जन्मापासूनचेच निघतात.

३. आमच्या घरात एकट्या मोठ्या भावालाच झालाय. मला किती रिस्क?

सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भाऊबहीण, मुलं यांच्यापैकी एकाला किडनीचा कॅन्सर असेल तर रिस्क साधारण दुप्पट धरतात. दुप्पट ऐकून पोटात गोळा येतो, पण कशाच्या दुप्पट ते बघा. अमेरिकेत हा कॅन्सर बऱ्यापैकी दिसतो, तिथेसुद्धा आयुष्यभरात तो होण्याची शक्यता पुरुषांमध्ये २ टक्क्यांच्या थोडी वर आणि बायकांमध्ये दीड टक्क्याच्या आसपास आहे. म्हणजे दुप्पट करूनही १०० मधल्या ९५ जणांना तो होत नाही. भाऊ सत्तरीचा असेल आणि एकाच किडनीत एकच गाठ असेल तर बहुधा एवढंच. भाऊ ३५ चा असेल तर थेट प्रश्न ८ वर जा.

४. व्हीएचएल व्हीएचएल सगळीकडे ऐकतो, ते जीन करतं तरी काय?

पेशीला ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ नावाचं प्रोटीन साठतं आणि ते "नवीन रक्तवाहिन्या बनवा, साखर ओढा, वाढा" असे हुकूम सोडतं. ऑक्सिजन भरपूर असताना या प्रोटीनची गरज नसते, तेव्हा व्हीएचएल त्याला खूण करतं आणि पेशी ते तोडून टाकते. व्हीएचएलच बिघडलं तर खूण करणारंच कोणी नाही, एचआयएफ साठत जातं, आणि ऑक्सिजन भरपूर असूनही पेशीला वाटत राहतं की आपण गुदमरतोय. क्लिअर सेल ट्यूमर रक्तवाहिन्यांनी एवढा गच्च भरलेला असतो तो यामुळेच, आणि रक्तवाहिन्या रोखणारी औषधं या कॅन्सरवर चालतात तीसुद्धा यामुळेच. पेशी ऑक्सिजन कसा ओळखते हे शोधणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, आणि त्यातल्या केलिन यांचं काम तर व्हीएचएलच्या पेशंटच्या ट्यूमरपासूनच सुरू झालेलं.

जीन तीन नंबरच्या क्रोमोसोमवर (गुणसूत्रावर) आहे, १९९३ मध्ये सापडलं. नाव दोन डॉक्टरांवरून पडलं, जर्मनीचे डोळ्यांचे डॉक्टर फॉन हिपेल आणि स्वीडनचे लिंडाऊ.

५. जीन जन्मापासून खराब आहे तर कॅन्सर चाळिशीतच का होतो, लहानपणीच का नाही?

कारण प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईची एक वडिलांची, आणि व्हीएचएलसारख्या जीनची एक प्रत चांगली असली तरी काम चालतं. दाराला दोन कुलपं असावीत तसं. ज्याच्यात बिघाड वारशाने आलाय त्याचं एक कुलूप सगळ्या पेशींमध्ये पहिल्या दिवसापासून उघडं असतं, मग कुठल्या तरी पेशीत दुसरं निघायला काही वर्षं जातात, पण बाकीच्यांपेक्षा कमी, आणि असं अनेक पेशींमध्ये होऊ शकतं म्हणून अशा लोकांना कमी वयात, दोन्ही किडन्यांत, अनेक गाठी होतात. बाकीच्यांची दोन्ही कुलपं एकाच पेशीत उघडायला लागतात, त्यात वय निघून जातं. हा दोन फटक्यांचा सिद्धांत अल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये मांडला, तोही किडनीवर नाही तर लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरवरून.

इथे एक गोष्ट मला भारी वाटते. वारसा नसलेल्या साध्या क्लिअर सेल कॅन्सरमध्येही बहुतेक वेळा पहिला फटका म्हणजे तीन नंबरच्या क्रोमोसोमचा आखूड हात तुटून जाणं, आणि त्या एकाच तुकड्यावर व्हीएचएल, पीबीआरएम१, सेटडी२ आणि बॅप१ अशी चार महत्त्वाची जीन्स शेजारी शेजारी बसलेली, म्हणजे एका फटक्यात चौघांची एकेक प्रत गेली. २०१८ च्या एका अभ्यासात ट्यूमरमधले बदल मोजून उलटा हिशोब लावला तर असं निघालं की हा पहिला फटका पुष्कळदा लहानपणी किंवा वयात येतानाच बसलेला असतो, अगदी थोड्या पेशींमध्ये, आणि गाठ दिसते ती तीस-चाळीस वर्षांनी.

प्रत्येक जीन असंच चालतं असं नाही हां. मेट नावाचं जीन उलटं आहे, ते वाढीचा हुकूम देणारं आहे, त्यामुळे त्याची एक प्रत "कायम चालू" झाली तरी पुरते.

६. व्हीएचएलचा बिघाड असला की फक्त किडनीलाच धोका का?

नाही. डोळ्याच्या पडद्यावर, छोट्या मेंदूत, मणक्यात रक्तवाहिन्यांच्या गाठी, किडनीच्या वर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीत बीपी भडकवणारी गाठ, स्वादुपिंडात पाण्याच्या किंवा हार्मोनच्या गाठी, आतल्या कानात गाठ होऊन ऐकू कमी येणं, हे सगळं एकाच घरात वेगवेगळ्या माणसांना होऊ शकतं. मग काकांचं डोळ्यांचं ऑपरेशन, आत्याचा ब्रेन ट्यूमर आणि भावाची किडनी या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात आणि तीन वेगळे डॉक्टर तीन वेगळ्या फायली बनवतात. साधारण ३६,००० जन्मांमागे एकाला हा व्हीएचएल सिंड्रोम, म्हणजे एकाच बिघाडातून येणाऱ्या तक्रारींचा गट, असतो, आणि किडनीच्या कॅन्सरची शक्यता काही घराण्यांमध्ये साठीपर्यंत ७० टक्क्यांपर्यंत जाते. काही घराण्यांमध्ये जवळपास नसतेच, ती गंमत प्रश्न १७ मध्ये.

७. व्हीएचएल सोडून अजून कुठली जीन्स? आणि घरात काय दिसलं की संशय घ्यायचा?

जीनची नावं पाठ करू नका, घरातल्या माणसांच्या किडनीबाहेरच्या तक्रारी आठवा. धागा तिथे सापडतो.

बायकांना विशीतिशीतच गर्भाशयात मोठाल्या फायब्रॉइडच्या गाठी, त्यासाठी गर्भाशय काढावं लागलेलं, आणि घरात कोणाच्या अंगावर थंडीत किंवा दाबलं की दुखणाऱ्या छोट्या टणक गाठी: हे एफएच जीन. फायब्रॉइड एवढे कॉमन आहेत की कोणी जोडतच नाही, त्यामुळे माझ्या मते सगळ्यात जास्त सुटून जाणारा प्रकार हाच. कॅन्सरची शक्यता १५ ते २० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे व्हीएचएलपेक्षा कमी, पण झाला तर फार आक्रमक, गाठ छोटी असतानाच पसरू शकतो. म्हणून याच्यावर जास्त वेळ घालवतोय.

चेहऱ्यावर, नाकाभोवती पांढुरके छोटे टणक फोड आणि कोणाचं तरी फुप्फुस अचानक फुटून छातीत हवा भरल्याची हिस्टरी: हे एफएलसीएन जीन, सिंड्रोमचं नाव बर्ट-हॉग-ड्युबे, कॅनडातल्या तीन डॉक्टरांनी १९७७ मध्ये लिहिलेलं. गाठी बहुतेक संथ.

फक्त किडनीच, दोन्ही बाजूंना ढीगभर पॅपिलरी प्रकारच्या गाठी, बाकी अंगाला काही नाही: मेट. फार दुर्मिळ.

मानेत किंवा पोटात पॅरागँग्लिओमा नावाची गाठ, घाम-धडधड-बीपीचे झटके: एसडीएच गटातली जीन्स. डोळ्यातला मेलॅनोमा किंवा छातीच्या आवरणाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा: बॅप१. डोकं मोठं, ब्रेस्ट, थायरॉइड, गर्भाशय यांचे कॅन्सर: पीटेन. फिट्स, त्वचेवर पांढरे डाग, चेहऱ्यावर लालसर पुटकुळ्या आणि किडनीत चरबीच्या गाठी: टीएससी१ किंवा टीएससी२, याचं पुढे प्रश्न १८.

८. मग जेनेटिक टेस्ट नेमकी कोणी करावी?

सगळ्यांनी नाही. साधारणपणे ज्यांना सल्ला देतात ते असे: ४६ किंवा त्याहून कमी वयात किडनीचा कॅन्सर झालेला, दोन्ही किडन्यांत किंवा एकाच किडनीत अनेक गाठी, जवळच्या रक्ताच्या नात्यात अजून कोणाला किडनीचा कॅन्सर, किंवा प्रश्न ७ मधलं काही स्वतःला अथवा घरात. शिवाय पॅथॉलॉजीवाल्यांनी रिपोर्टमध्ये एफएच किंवा एसडीएच कमी असलेला ट्यूमर असं लिहिलं असेल तर वय कितीही असो. हे ४६ कुठून आलं असं विचारतात, तर किडनीच्या कॅन्सरचं निदान सहसा साठीच्या पुढे होतं आणि सगळ्यात तरुण १० टक्के पेशंट साधारण या वयाच्या आत येतात, म्हणून तिथे रेघ मारली. ४८ वर्षांच्या माणसाला दोन्ही बाजूंना गाठी असतील तर "तुम्ही बसत नाही" असं म्हणून परत पाठवणं चूकच.

९. मी ठणठणीत आहे, कॅन्सर आईला झालाय. टेस्ट मी करून घेऊ की आईची?

आईची. आधी ज्याला आजार झालाय त्याची, हा नियम डोक्यात ठेवा, कारण इथेच लोकांचे पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाया जातात. आईत नेमका कुठला बदल आहे हे कळलं की तुमच्यात फक्त तेवढाच शोधायचा, आणि तो नाही आला तर ते खरंखुरं "नाही" असतं. उलट आईची टेस्ट न करता तुमची केली आणि काही नाही सापडलं तर दोन अर्थ निघतात, एक तर घरात बदल आहे पण तुमच्याकडे नाही आला, किंवा घरातला बदल या टेस्टला दिसतच नाही, आणि यातलं कुठलं हे सांगायला काही मार्ग राहत नाही.

आई आता हयात नसेल तर आजार झालेला दुसरा नातेवाईक बघा, मामा, मावशी. तोही नसेल तर हॉस्पिटलात ऑपरेशनच्या वेळचा मेणातला नमुना जपून ठेवलाय का विचारा, कधीकधी त्यातून डीएनए मिळतो. काहीच नाही मिळालं तर मग तुमची टेस्ट, पण अर्धवट उत्तराची तयारी ठेवून.

१०. रिपोर्टमध्ये बदल सापडला पण "अर्थ अनिश्चित" असं लिहिलंय. हे काय नवीन?

म्हणजे जीनमध्ये स्पेलिंग वेगळं आहे पण त्याने काही बिघडतं की नाही हे आजच्या घडीला कोणी सांगू शकत नाही. अशा बदलावरून किडनी काढायची नाही, बहिणीची टेस्ट करायची नाही, लग्न मोडायचं तर अजिबात नाही. जास्त जीन्स तपासल्या की असे बदल जास्त सापडतात, यात घाबरण्यासारखं काही नसतं. पुढे माहिती वाढली की यातल्या बहुतेकांची नोंद "निरुपद्रवी" अशी होते, थोड्यांची उलटी. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी लॅबला किंवा काउन्सेलरला विचारत राहा. तोपर्यंत तपासण्या ठरवायच्या त्या घरातल्या हिस्टरीवरून.

११. टेस्ट निगेटिव्ह आली. सुटलो ना?

घरातला नेमका बदल माहीत असून तो तुमच्यात नाही आला तर हो, त्या सिंड्रोममधून सुटलात, तुमच्या मुलांनाही तुमच्याकडून जाणार नाही, आणि तुमची रिस्क इतर चारचौघांएवढी. बाकी कुठल्याही निगेटिव्हला "सुटलो" म्हणू नका (कारण प्रश्न ९). अजून एक: व्हीएचएलमध्ये पुष्कळ घराण्यांत एक-दोन अक्षरं बदललेली नसतात तर जीनचा मोठा तुकडाच गायब असतो, आणि फक्त अक्षरं वाचणाऱ्या टेस्टला तो दिसत नाही. लॅबला विचारा की मोठे गाळलेले तुकडे बघता का. जुना रिपोर्ट असेल तर जास्तच विचारा.

१२. एका ठिकाणी ५ टक्के अनुवांशिक वाचलं, दुसरीकडे ३८ टक्के. खरं काय?

दोन्ही खरं, पण दोन वेगळ्या गोष्टींचे आकडे. ५-८ टक्के म्हणजे एकाच जोरदार जीनमुळे झालेले पेशंट. ३८ टक्के हा आकडा डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासातला, २०१६ मध्ये आलेला. तिथे प्रश्न असा होता की लोकांमध्ये रिस्कचा जो कमीजास्तपणा दिसतो त्यातला किती भाग जीन्समधल्या फरकाने समजावता येतो. त्याचा अर्थ "३८ टक्के पेशंटना वारशाने झाला" असा नाही, आणि "माझ्या कॅन्सरला ३८ टक्के माझे जीन्स जबाबदार" असाही नाही.

मग ५ टक्क्यांच्या पलीकडचं हे सगळं कुठे लपलंय? सगळ्यांमध्ये असणाऱ्या छोट्या फरकांमध्ये. हजारो पेशंट आणि लाखो निरोगी लोकांचे डीएनए शेजारी ठेवून बघितले की डीएनएवर काही जागा सापडतात जिथे एखादं अक्षर पेशंटमध्ये किंचित जास्त वेळा दिसतं. २०११ मध्ये अशा पहिल्या दोन जागा मिळाल्या, २०१७ पर्यंत १३ झाल्या, आणि २०२४ मध्ये २९,००० च्या वर पेशंट घेऊन केलेल्या मोठ्या अभ्यासात ६३. यातल्या बहुतेक जागा एकट्याने रिस्क पाच-दहा टक्क्यांनी हलवतात, अगदी जोरदार म्हटली तर वीस-तीस. म्हणजे १ टक्क्याचा सव्वा टक्का. असे बदल तुमच्यात पण आहेत, माझ्यात पण आहेत.

तरी त्यांना फालतू समजू नका. पहिल्याच दोन जागांपैकी एक ईपीएएस१ जीनमध्ये निघाली, आणि ते जीन म्हणजे एचआयएफचाच एक भाऊ, प्रश्न ४ मधलाच. (याच जीनमधल्या वेगळ्या बदलांमुळे तिबेटी लोकांना उंचावरच्या विरळ हवेत राहणं जमतं.) दुसरी जागा जीनच्या बाहेर आहे, पण तिथे एचआयएफ येऊन बसतं आणि पेशीचं विभाजन चालवणाऱ्या शेजारच्या जीनला कमीजास्त करतं. म्हणजे दुर्मिळ मोठा बिघाड असो नाहीतर कॉमन छोटा फरक, वाट फिरून त्याच ऑक्सिजनच्या यंत्रणेवर येते.

१३. घरी लाळ घेऊन करायची टेस्ट केली, किडनी कॅन्सरचा स्कोअर "हाय" आलाय. आता?

तो स्कोअर म्हणजे प्रश्न १२ मधल्या छोट्या फरकांची बेरीज. सगळ्यात वरच्या काही टक्के लोकांची रिस्क मधल्या लोकांच्या मानाने दुपटीच्या आसपास जाऊ शकते, म्हणजे जवळपास तेवढीच जेवढी एक सख्खा नातेवाईक असल्याने. त्यावरून स्कॅन सुरू करा असा कुठलाच सर्वमान्य सल्ला अजून नाही. शिवाय हे अभ्यास बरेचसे युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेत, बाकीच्यांना तो स्कोअर तेवढा नीट बसत नाही. आणि उलटी फसगत जास्त वाईट: स्कोअर "लो" आला म्हणजे व्हीएचएल किंवा एफएच चांगलं आहे असं नाही, अशा बऱ्याच टेस्ट ती जीन्स पूर्ण वाचतच नाहीत.

१४. जीन्समध्येच असेल तर सिगरेट सोडून, वजन कमी करून काय उपयोग?

उपयोग आहे. सिगरेट, लठ्ठपणा आणि हाय बीपी हे किडनीच्या कॅन्सरचे पक्के ठरलेले कारक आहेत, आणि पुरुषांमध्ये तो बायकांच्या जवळजवळ दुप्पट दिसतो. इथे जीन्सचाच वापर करून एक छान गोष्ट तपासली गेली. वजन आणि कॅन्सर एकत्र दिसतात म्हणून वजनच कारण असं कसं म्हणायचं, म्हणून जन्मतःच ज्यांच्यात वजन वाढवणारे जीन्सचे फरक जास्त आहेत अशा लोकांमध्ये कॅन्सर जास्त दिसतो का ते २०१९ मध्ये बघितलं, आणि दिसला. खालचं बीपी आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन वाढवणाऱ्या फरकांचंही तसंच. डायबेटिसचा मात्र वेगळा असा संबंध निघाला नाही.

मोठा बिघाड असलेल्यांसाठी खरा आधार स्कॅनचाच, सिगरेट सोडून व्हीएचएल दुरुस्त होत नाही. पण अशा माणसाच्या किडनीवर पुढे दोन-चार ऑपरेशनं होऊ शकतात, तेव्हा बीपीने आधीच थकलेली किडनी हाताशी नसलेली बरी.

१५. म्युटेशन पक्कं निघालं. आता किडनी काढायची का आधीच?

नाही! हे ब्रेस्ट कॅन्सरच्या जीनसारखं नाही, जिथे काही जणी आधीच ब्रेस्ट काढून घेतात, दोन्ही किडन्या काढल्या तर डायलिसिस. इथे धोरण असं की नियमित बघत राहायचं, गाठ दिसली तरी लगेच उडी मारायची नाही, आणि काढायची वेळ आली तर फक्त गाठ काढून किडनी जितकी वाचेल तितकी वाचवायची. व्हीएचएल, बर्ट-हॉग-ड्युबे आणि मेटमध्ये सगळ्यात मोठी गाठ ३ सेंटिमीटरची होईपर्यंत सहसा थांबतात, कारण त्याच्या आत पसरण्याची शक्यता फार कमी असते.

एफएच आणि एसडीएचमध्ये हा ३ सेंटिमीटरचा नियम चालत नाही. तिथे गाठ दिसली की ती काढायचाच विचार, आणि तोही आजूबाजूचा चांगला भाग घेऊन. घरात दोन वेगळ्या फांद्यांमध्ये दोन वेगळे सिंड्रोम असतील, किंवा तुम्ही नेटवर व्हीएचएलवाल्यांचे अनुभव वाचून "थांबलं तर चालतं" असं धरून बसला असाल, तर हे वाक्य परत वाचा.

स्कॅन म्हणजे शक्यतो एमआरआय, वर्षानुवर्षं करायचाय तर सीटीचं रेडिएशन कशाला. व्हीएचएलमध्ये पोटाचा एमआरआय साधारण पंधराव्या वर्षापासून, एफएचमध्ये आठ-दहाव्या वर्षापासून दरवर्षी, बर्ट-हॉग-ड्युबेमध्ये विशीपासून साधारण तीन वर्षांनी एकदा.

१६. गोळी आली आहे असं ऐकलं, आणि मुलांचं काय? दोन्ही एकत्र विचारतोय.

गोळी आहे, बेल्झुटिफॅन, अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये व्हीएचएल सिंड्रोमसाठी मंजूर झाली. ती थेट एचआयएफलाच, म्हणजे ईपीएएस१ पासून बनणाऱ्या प्रोटीनला, धरते. ज्या अभ्यासावरून मंजुरी मिळाली त्यात ६१ जण होते आणि जवळपास निम्म्यांच्या किडनीतल्या गाठी ठळकपणे आक्रसल्या. बिघडलेलं जीन यात दुरुस्त होत नाही. हिमोग्लोबिन उतरतं, रक्तातला ऑक्सिजन कमी होऊ शकतो. गर्भावर घातक आहे आणि काही हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या हिच्यामुळे निकामी होतात, हे बायकांना आधी सांगायलाच हवं.

मुलांचं: यातले जवळपास सगळे सिंड्रोम असे की प्रत्येक मुलाला बदल जायची शक्यता ५० टक्के, मुलगा मुलगी फरक नाही, आणि पहिल्याला गेला म्हणून दुसरा सुटला असंही नाही. टेस्ट कधी करायची हे त्या सिंड्रोममध्ये तपासण्या कधी सुरू होतात त्यावर. व्हीएचएलमध्ये डोळे पहिल्या वर्षापासून बघतात म्हणून टेस्टही लवकर. बर्ट-हॉग-ड्युबेमध्ये घाई नाही, मूल मोठं होऊन स्वतः ठरवू शकतं. मूल होऊ द्यायचं की नाही हा तुमचा घरचा निर्णय, त्यात मी पडत नाही, फक्त आयव्हीएफ करून भ्रूण तपासून घेण्याचा मार्ग आहे एवढं माहीत असू द्या. एफएचवाल्यांनी जोडीदाराचीही टेस्ट करावी, दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तर बाळाला मेंदूचा गंभीर आजार होतो.

१७. आईबाबा दोघं निगेटिव्ह, मला मात्र व्हीएचएल. आणि दुसऱ्या एका घरात जीन बिघडलंय पण कॅन्सर कोणालाच नाही. असं कसं?

पहिलं सोपं आहे. व्हीएचएलच्या साधारण २० टक्के लोकांमध्ये बदल त्यांच्यापासूनच सुरू होतो, म्हणून "घरात कोणाला नाही" हे टेस्ट नाकारायचं कारण होऊ शकत नाही. कधी आईत किंवा वडिलांत तो बदल फक्त काही पेशींमध्येच असतो, रक्तात दिसत नाही पण मुलाला जातो, त्यामुळे भावंडांचीही टेस्ट करतात.

दुसरं जास्त मजेशीर. जीन बिघडलं एवढं पुरत नाही, कसं बिघडलं ते महत्त्वाचं. व्हीएचएल अर्धवट तुटलं किंवा पार निकामी झालं तर किडनीचा धोका जास्त. एकच अक्षर बदलून प्रोटीन थोडं वाकडं झालं तर बऱ्याचदा अॅड्रिनलच्या गाठी पुढे असतात, आणि काही घराण्यांमध्ये तर फक्त त्याच. मग अख्खं जीन गायब झालं तर सगळ्यात वाईट असायला हवं ना? पण शेजारचं बीआरके१ नावाचं जीनही सोबत गेलं असेल तर किडनीचा कॅन्सर उलट कमी दिसतो. आणि रशियातल्या चुवाश लोकांमध्ये व्हीएचएलचा एक ठराविक बदल आहे, तो दोन्ही प्रतींमध्ये आला की रक्त जाड होतं, लाल पेशी बेसुमार वाढतात, गुठळ्या होतात, पण व्हीएचएलचे ट्यूमर होत नाहीत. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं जीनचं नाव बघून नेटवर शोधू नका, नेमका बदल कुठला ते काउन्सेलरला विचारा.

१८. माझ्या सासऱ्यांना पॉलिसिस्टिक किडनी आहे. ते पण अनुवांशिक ना, म्हणजे कॅन्सर होणार?

पॉलिसिस्टिक म्हणजे दोन्ही किडन्या पाण्याच्या गाठींनी भरत जाणं. अनुवांशिक आहे, पण जीन्स वेगळी, पीकेडी१ आणि पीकेडी२, आणि त्यांच्यामुळे कॅन्सरचा धोका वाढतो असं पक्कं दिसलेलं नाही. किडनी निकामी होऊन वर्षानुवर्षं डायलिसिस चालू असेल तर धोका वाढतो, पण तो कोणत्याही कारणाने डायलिसिसवर असलेल्यांचाच. सोनोग्राफीत दिसणारी साधी पाण्याची गाठ हा तर विषयच नाही, वय वाढलं की ती बऱ्याच जणांना असते.

एक अपवाद. पीकेडी१ च्या अगदी शेजारी टीएससी२ बसलंय, आणि कधीकधी दोन्ही मिळून एकच तुकडा गायब होतो, मग अगदी तान्हेपणीच किडनी गाठींनी भरते. टीएससीमधल्या चरबीच्या गाठी कॅन्सर नसतात, त्या मोठ्या झाल्या की रक्तस्राव होतो ही खरी भीती, त्यावर एव्हरोलिमस नावाचं औषध चालतं. खरा कॅन्सर टीएससीमध्ये २ ते ५ टक्के.

१९. पुतण्याला तीन वर्षांचा असताना विल्म्स ट्यूमर झालेला, आजोबांना किडनीचा कॅन्सर. एकच घराणं, एकच जीन?

बहुधा नाही. विल्म्स हा गर्भातल्या किडनीच्या पेशी नीट पिकल्या नाहीत म्हणून होणारा लहान मुलांचा कॅन्सर, त्याची जीन्स वेगळी, त्यातलं जुनं म्हणजे अकरा नंबरच्या क्रोमोसोमवरचं डब्ल्यूटी१. आजोबांचं वय झाल्यावरचं वेगळं. दोघांच्या फायली काउन्सेलरला दाखवा, पण एकाच धाग्यात ओवू नका.

२०. लिंच सिंड्रोम आणि सिकल सेल या दोन्हीत किडनीचा कॅन्सर होतो असं वाचलं, वरच्या यादीत का नाही?

लिंच म्हणजे मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा अनुवांशिक सिंड्रोम. त्यात किडनीकडे कॅन्सर होतो तो किडनीतून लघवी गोळा होते त्या पिशवीच्या आणि खालच्या नळीच्या अस्तराचा, पत्ता किडनीचा पण जात मूत्राशयाच्या कॅन्सरची. वरचं सगळं किडनीच्या गाळणीच्या नळ्यांपासून होणाऱ्या कॅन्सरबद्दल होतं. रिपोर्टमध्ये "युरोथेलियल" लिहिलंय आणि घरात मोठ्या आतड्याचे, गर्भाशयाचे कॅन्सर आहेत, तर लिंचची टेस्ट विचारा, व्हीएचएलची नको.

सिकल सेलचं असं की आजार नसलेल्या, नुसत्या वाहक लोकांमध्ये रीनल मेड्युलरी कार्सिनोमा नावाचा कॅन्सर होतो. वाहकांची संख्या बघता तो अत्यंत दुर्मिळ, त्यामुळे वाहक आहात म्हणून स्कॅन करत बसायचं कारण नाही. पण होतो तो तरुणपणी, आणि पसरतो झपाट्याने. वाहक असलेल्या तरुण मुलाला किंवा मुलीला लघवीतून रक्त जातंय तर "सिकलमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. सिकलच्या वाहकांना तसं रक्त एरवीही जाऊ शकतं आणि बहुतेक वेळा कॅन्सर नसतोच, पण एकदा किडनीचा स्कॅन करून खात्री करून घ्यायला हवी.